यादी पाठ आहे, तरी तोंडात ‘चिल्ड्रन्स’ का येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘इंग्रजीतल्या अनियमित अनेकवचनांची दीडशे शब्दांची यादी मी तीनदा पाठ केली. कुणी एकेक शब्द विचारला तर बरोबर सांगतो. पण बोलायला लागलो की ‘चिल्ड्रन्स’, ‘सिक्स फूट’, ‘माय हेअर्स’ असंच निघून जातं. यामागे काही नियम आहेत की सगळं घोकायचंच? आणि बोलता बोलता अडलो तर काय करायचं?’

मराठीतून शिकलेल्या मोठ्या माणसांना मी गेली एकवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि तुम्ही दिलेली तिन्ही उदाहरणं मी जवळजवळ प्रत्येक तुकडीत ऐकते. ती नीट पाहा. ‘चिल्ड्रन’ तुमच्या यादीत नक्की असणार, ‘फीट’ही असणार. ‘हेअर’ मात्र त्या यादीत असण्याची शक्यताच कमी, कारण तो अनियमित अनेकवचनाचा शब्दच नाही. म्हणजे तीन चुका आणि तिन्हींचं मूळ वेगळं. पहिली कानामुळे झाली, दुसरी मराठीच्या सवयीमुळे आणि तिसरी, काय मोजायचं आणि काय नाही, याच्या गोंधळामुळे. यादी या तिघींना एकच औषध देते. चूक कुठल्या वाटेने येते ते आधी ओळखायला हवं, मग प्रत्येक वाटेवरचा उपाय सोपा असतो.

किती शिकायचं, हे तुम्हाला इंग्रजी कशासाठी हवं आहे यावर ठरतं. रोजच्या बोलण्यापुरतं हवं असेल तर पंधरा-वीस शब्द पक्के झाले की बहुतेक काम भागतं: मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल, फीट, टीथ, लाइव्ह्ज, वाइव्ह्ज, नाइव्ह्ज, हाव्ह्ज असे. शोधनिबंध किंवा अहवाल लिहायचे असतील तर ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या शब्दांकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. स्पर्धा परीक्षा असेल तर ‘ऑक्सन’सारखे शब्दही येतात, जे एरवी वर्षानुवर्षं कुणाच्या तोंडी येत नाहीत. तुम्ही बोलताना अडता असं लिहिलंय, म्हणून मी बोलण्यापासूनच सुरू करते.

नियम आहेत का? आहेत, पण ते आजचे नाहीत. आज जे अनियमित दिसतं ते बहुतेक जुन्या नियमांचं उरलेलं रूप आहे. ‘फूट–फीट’, ‘टूथ–टीथ’, ‘गूस–गीस’, ‘माउस–माइस’, ‘मॅन–मेन’ हे एकाच घराण्यातले शब्द. इंग्रजी लिहिली जाऊ लागली त्याच्याही आधी या शब्दांच्या अनेकवचनाला शेवटी ‘इ’चा प्रत्यय लागत असे. पुढे येणाऱ्या त्या ‘इ’च्या ओढीने आधीचा स्वर बदलला. नंतर प्रत्यय गळून पडला आणि बदललेला स्वर तेवढा राहिला. मराठीवरून कल्पना करा. आपण ‘फूल’चं ‘फुलं’ करतो, ‘मूल’चं ‘मुलं’ करतो. प्रत्यय लागला की आतला दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो, आणि हे करताना आपण क्षणभरही थांबत नाही. आता समजा, काळाच्या ओघात शेवटचा ‘अं’ गळून पडला असता, तर ‘एक फूल, दहा फुल’ असं उरलं असतं, आणि मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने कपाळाला हात लावला असता. ‘फूट–फीट’चं नेमकं हेच झालंय.

‘बुक’ हा शब्दही एके काळी याच घराण्यात होता. त्याचंही अनेकवचन स्वर बदलून होत असे. पुढे तो ‘एस’ लावणाऱ्यांच्या गर्दीत सामील झाला. असे कितीतरी शब्द नियमित झाले. जे राहिले ते मुख्यतः लहानपणापासून रोज वापरले जाणारे राहिले: माणूस, बाई, मूल, पाय, दात. रोज कानावर पडणारं रूप पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, क्वचित ऐकू येणारं रूप पुढची पिढी नियमात बसवून टाकते. यात तुमच्यासाठी दिलासा आहे: इंग्रजीतले खरे अवघड शब्द हे नेमके सर्वांत जास्त ऐकू येणारे शब्द आहेत. ते घोकण्यापेक्षा ऐकून बसतात.

इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंसुद्धा काही काळ ‘फूट्स’, ‘माउसेस’ म्हणतात. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून ‘हा वग आहे, आता इथे दोन आहेत, दोन काय?’ असं विचारलं होतं. मुलं ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता, म्हणजे ती पाठांतरातून नव्हे तर मनात तयार झालेल्या नियमातून बोलत होती. तुमच्या तोंडून ‘चिल्ड्रन्स’ निघतं तेव्हा तुमच्यातही तोच नियम काम करत असतो. ते बुद्धीचं न्यून नाही. नियम बसलाय, अपवाद अजून बसायचाय, एवढाच त्याचा अर्थ.

आता ‘चिल्ड्रन्स’कडे येऊ. हा शब्द तुम्ही चुकीचा शिकला नाहीत, तो तुम्ही ऐकलाय. ‘चिल्ड्रन्स डे’, ‘चिल्ड्रन्स वॉर्ड’, ‘चिल्ड्रन्स बुक’. तिथला ‘स’ अनेकवचनाचा नाही, तो मराठीतल्या ‘-चा, -ची, -चे’ या प्रत्ययाचं काम करतो: मुलांचा दिवस, मुलांचा कक्ष. लिहिताना त्याच्या आधी वर स्वल्पविरामासारखी खूण असते, पण कानाला खूण ऐकू येत नाही. ‘मेन्स’, ‘विमेन्स’ हेही असेच कानात शिरलेले. म्हणून माझ्या वर्गात एकच चाचणी लावायला सांगते: त्या जागी मराठीत ‘मुलं’ येतंय की ‘मुलांचं’? ‘मुलं’ येत असेल तर ‘चिल्ड्रन’, ‘मुलांचं’ येत असेल तर ‘चिल्ड्रन्स’. ‘चिल्ड्रन’ हे आधीच दुहेरी अनेकवचन आहे, हेही लक्षात ठेवा. जुन्या इंग्रजीत ‘र’ असलेलं एक अनेकवचन होतं. पुढे लोकांना ते पुरेसं वाटेना म्हणून ‘ऑक्सन’मध्ये दिसतो तो ‘न’ही जोडला गेला. त्यावर आपण तिसरा प्रत्यय चढवायची गरज नाही.

‘विमेन’वर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण इथे स्पेलिंग फसवतं. लिहिताना शब्दाच्या शेवटच्या भागात ‘ए’चं ‘ई’ होतं, म्हणून आपण बोलतानाही शेवटी बदल करतो आणि ‘वुमेन’ म्हणतो. ऐकणाऱ्याला ते एकवचनासारखंच ऐकू येतं. प्रत्यक्षात उच्चारातला बदल शब्दाच्या सुरुवातीला आहे: एक ‘वुमन’, दोन ‘विमिन’. शेवट दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. रोमन लिपी जे लपवते ते देवनागरी इथे उघड दाखवते, म्हणून हा एक शब्द वहीत देवनागरीतच लिहून ठेवा. माझ्या एका विद्यार्थिनीने भिंतीवर नुसतं ‘वु – वि’ लिहून ठेवलं होतं. तिची चूक पंधरा दिवसांत गेली, यादीने ती तीन वर्षांत गेली नव्हती.

‘सिक्स फूट’ ही मराठीच्या सवयीने येणारी चूक. आपण ‘सहा फूट उंच’ म्हणतो, फूट बदलत नाही. म्हणून इंग्रजीतही तोच बसतो. ‘ही इज सिक्स फूट’ असं अनौपचारिक बोलण्यात इंग्रजी मातृभाषेचे लोकही म्हणतात, त्यामुळे त्याबद्दल फार घाबरू नका. ‘सिक्स फीट टॉल’ म्हणण्याची सवय मात्र लावा. खरी अडचण पुढे येते. ‘अ टेन-फूट वॉल’ हे बरोबर आणि ‘अ टेन-फीट वॉल’ चूक. ‘अ फाइव्ह-इअर-ओल्ड चाइल्ड’ बरोबर, तिथे ‘इअर्स’ नाही. संख्या आणि माप मिळून पुढच्या नामाचं विशेषण झालं की माप एकवचनात राहतं. मराठीत ‘दहा फुटांची भिंत’ म्हणताना आपण ‘फुटांची’ असं अनेकवचनाचं सामान्यरूप करतो, इंग्रजी इथे उलट्या दिशेने जाते. हे एकदा डोक्यात बसलं की ‘टू-डे ट्रिप’, ‘थ्री-मंथ कोर्स’ सगळं आपोआप सुटतं.

मराठीची सवय कधी मदतीलाही येते. ‘शीप’, ‘डिअर’, ‘एअरक्राफ्ट’, ‘सीरीज’, ‘स्पीशीज’ यांची दोन्ही वचनं सारखी. लोकांना हे विचित्र वाटतं, पण आपण ‘एक दगड, दहा दगड’, ‘एक देव, दहा देव’ म्हणतोच की. मग वचन कळतं कशावरून? क्रियापदावरून: दगड पडला, दगड पडले. इंग्रजीतही तेच: ‘द शीप इज’, ‘द शीप आर’. ‘स्पीशीज’बद्दल एक सूचना: शेवटचा ‘ज’ काढून ‘अ स्पीशी’ असं एकवचन बनवू नका. तसा शब्द इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ नाण्यांच्या रूपातला पैसा. ‘फिश’चं अनेकवचन साधारणपणे ‘फिश’च, वेगवेगळ्या जाती सांगायच्या असतील तर ‘फिशेस’ चालतं.

‘एफ’चं ‘व्ह’ होणाऱ्या शब्दांवर फार वेळ घालवू नका. नाइफ, वाइफ, लाइफ, लीफ, शेल्फ, वुल्फ, थीफ, हाफ, काफ, सेल्फ एवढे डझनभर शब्द बदलतात. रूफ, चीफ, बिलीफ, प्रूफ, क्लिफ बदलत नाहीत. ‘स्कार्फ’ आणि ‘हूफ’ दोन्ही प्रकारे चालतात. शंका आली तर शब्दकोश पाहा, पुढे चला.

आणि इथे एक मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट. ‘गूस’चं ‘गीस’ होतं, मग ‘मंगूस’चं ‘मंगीस’ का होत नाही, असं कुणीतरी हमखास विचारतं. त्याचं उत्तर आपल्याच भाषेत आहे. इंग्रजीतला हा शब्द मराठीतल्या ‘मुंगूस’वरून गेलाय. त्याचा हंसाशी काही संबंध नाही, फक्त शेवट सारखा ऐकू येतो. जुन्या इंग्रजीतला तो स्वरबदल झाला तेव्हा हा शब्द त्या भाषेत नव्हताच, म्हणून त्याचं सरळ ‘मंगूसेस’ होतं. नव्याने आलेला शब्द बहुधा ‘एस’ घेतो, हा त्यातून निघणारा चांगला अंदाज आहे.

बहुधा म्हणाले, कारण ग्रीक-लॅटिनमधून विद्वानांनी आणलेले शब्द आपापली अनेकवचनं सोबत घेऊन आले. इथे आपली चूक उलटी होते. ‘चिल्ड्रन्स’मध्ये आपण अनेकवचनावर अनेकवचन चढवतो, इथे अनेकवचनालाच एकवचन समजतो. कारण उघड आहे: मराठीत हे शब्द अनेकवचनातच आले. ‘एक क्रायटेरिया असा आहे’, ‘मी तिथला अल्युमनाय आहे’ असं आपण सर्रास बोलतो. इंग्रजीत लिहिताना मात्र एक ‘क्रायटेरियन’, अनेक ‘क्रायटेरिया’. एक ‘फिनॉमेनन’, अनेक ‘फिनॉमेना’. एकटा माजी विद्यार्थी ‘अलम्नस’, एकटी विद्यार्थिनी ‘अलम्ना’. अर्जात हे चुकलेलं दिसतं, म्हणून मी यात सवलत देत नाही.

‘डेटा’बाबत मात्र परिस्थितीनुसार ठरवा. मुळात तो ‘डेटम’चा अनेकवचनी शब्द. काही शास्त्रीय नियतकालिकं आजही त्याला अनेकवचनी क्रियापद लावतात; रोजच्या लिहिण्याबोलण्यात ‘डेटा इज’ सर्रास चालतं. ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांची पद्धत पाहा आणि एका लेखात एकच धरून ठेवा. ‘अजेंडा’ही मुळात अनेकवचनी होता, आज तो निखळ एकवचन आहे आणि त्याचं ‘अजेंडाज’ होतं. ‘डेटा’ त्याच रस्त्याने चालला आहे असं मला वाटतं. ‘मीडिया’ अजून मध्यावर आहे.

शेवटी ‘अस’ ऐकू येणाऱ्या शब्दांना उत्साहाने ‘आय’ लावणं टाळा. ‘व्हायरसेस’, ‘कॅम्पसेस’, ‘बोनसेस’ हेच नेहमीचे. ‘ऑक्टोपस’ मूळचा ग्रीक असल्याने ‘ऑक्टोपाय’ला लॅटिनचाही आधार नाही, ‘ऑक्टोपसेस’ म्हणा. ‘सिलॅबसेस’ आणि ‘सिलॅबाय’ दोन्ही शब्दकोशात सापडतात. ‘स्टिम्युलस–स्टिम्युलाय’ मात्र ठरलेलं आहे. ‘क्रायसिस’, ‘अॅनालिसिस’, ‘बेसिस’, ‘थिसिस’ यांच्यात शेवटचा ऱ्हस्व ‘सिस’ दीर्घ ‘सीझ’ होतो: ‘क्रायसीझ’, ‘थिसीझ’. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक बोलताना जाणीवपूर्वक करा, नाहीतर ऐकणाऱ्याला वचन कळत नाही. काही शब्दांत दोन अनेकवचनांनी अर्थ वाटून घेतलेत: कीटकाच्या मिशा ‘अँटेनी’, रेडिओच्या ‘अँटेनाज’, गणितातले घातांक ‘इंडिसीझ’, पुस्तकांच्या सूची बहुधा ‘इंडेक्सेस’. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात अनियमित अनेकवचन शब्दालगतच दिलेलं असतं, आणि दोन असतील तर सहसा जास्त रूढ ते आधी येतं.

राहिलं ‘माय हेअर्स’. इथे अनेकवचन अनियमित नाही, ते करायचंच नसतं. मराठीत केस गळतात, ‘केस’ अनेकवचनी. आपण ‘दोन सल्ले’ देतो, ‘तीन पुरावे’ सादर करतो. इंग्रजीत ‘हेअर’, ‘अॅडव्हाइस’, ‘एव्हिडन्स’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’ हे पाण्यासारखे धरलेत, सुटे सुटे मोजत नाहीत. मोजायचेच असतील तर ‘टू पीसेस ऑफ अॅडव्हाइस’. सुटा केस दाखवायचा असेल तेव्हा ‘टू ग्रे हेअर्स’ बरोबर आहे, डोक्यावरच्या सगळ्यांना मात्र ‘हेअर इज’. याच्या उलट बाजूला कात्री, चष्मा, पँट. मराठीत एक कात्री, एक चष्मा. इंग्रजीत ‘द सिझर्स आर’, ‘माय ग्लासेस आर’, ‘माय ट्राउझर्स आर’, कारण त्यांना दोन भाग आहेत म्हणून ते जोडीने धरले जातात. माझ्या वर्गातल्या चुका मी मोजायला बसले तर या गटातल्या चुका ‘माइस’ आणि ‘ऑक्सन’पेक्षा कितीतरी जास्त निघतील, आणि बहुतेक याद्यांत हा गटच नसतो.

आतापर्यंतचं हाताशी ठेवायचं तर: कानाने फसवलं का, मराठीच्या सवयीने ओढलं का, एकवचनच अनेकवचनी रूपात शिकलो का, की मोजण्याचाच प्रश्न आहे, या चार प्रश्नांपैकी एक तुमच्या प्रत्येक चुकीला लागू पडेल.

आता पाठांतराबद्दल. तुम्ही ‘चाइल्ड–चिल्ड्रन, फूट–फीट’ असं जोडीने पाठ केलंय. त्याचा परिणाम पाढ्यासारखा होतो. ‘सात आठे’ आठवायला ‘सात एके’पासून सुरू करावं लागतं ना, तसं ‘चिल्ड्रन’पर्यंत पोचायला तोंड आधी ‘चाइल्ड’कडे जातं. बोलताना तेवढा वेळ नसतो. म्हणून जोडी लिहूच नका. अनेकवचन थेट वाक्यात लिहा, पुढे संख्या आणि मागे क्रियापद घालून: ‘टू चिल्ड्रन वेअर प्लेइंग’, ‘थ्री विमिन आर वेटिंग’, ‘मेनी पीपल थिंक सो’. ‘वन ऑफ’नंतर नाम अनेकवचनात आणि क्रियापद एकवचनात येतं, त्याचंही एक वाक्य ठेवा: ‘वन ऑफ माय टीथ इज लूज’. आठवड्याला सहा-सातच वाक्यं, मोठ्याने, फोनवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकायची. वाक्यं तुमच्या स्वतःच्या चुकांवरून बनवा, छापील यादीवरून नव्हे. आठ आठवडे असं केलंत तर तुमच्या बहुतेक चुका येऊन जातील, कारण माणूस साधारण त्याच त्या पन्नासएक चुका फिरवून फिरवून करत असतो.

बोलता बोलता अडलात तर थांबू नका. रूप आठवत नसेल तर वळण घ्या: ‘चिल्ड्रन’ऐवजी ‘किड्स’, ‘पीपल’ऐवजी ‘एव्हरीवन’, ‘सिझर्स’साठी ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. चूक तोंडातून निघून गेली आणि तुमच्याच कानाला खटकली, तर ‘सॉरी’ न म्हणता बरोबर रूप एकदा उच्चारा आणि त्याच दमात वाक्य पूर्ण करा: ‘टू चिल्ड्रन्स, टू चिल्ड्रन वेअर वेटिंग आउटसाइड’. मातृभाषा बोलणारेही असंच करतात. खटकायला लागलंय म्हणजे कान तयार झालाय. तोंडाला त्याच्या मागोमाग यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढे द्या.